पाटी एकाची, गल्ला दुसऱ्याचा

पिझ्झाच्या खोक्यावर मालकाचा हसरा चेहरा छापण्याची कल्पना अनेक वर्षं झकास चालली. जॉन श्नॅटर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, जेफरसनव्हिल गावी, वडिलांच्या बारमधल्या झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत भट्टी मांडली. भांडवलासाठी स्वतःची लाडकी कॅमेरो गाडी विकली. ही गोष्ट जाहिरातींतून इतक्या वेळा सांगितली गेली की 'पापा जॉन्स' म्हणजे जॉन आणि जॉन म्हणजेच पापा जॉन्स असं समीकरण होऊन बसलं. आपल्या कोपऱ्यावरचं दुकान नक्की कोणाच्या मालकीचं आहे, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

मग पापा बोलू लागले. २०१२ मध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावर त्यांनी टीका केली. या कायद्यापायी पिझ्झामागे अकरा-चौदा सेंट जास्त मोजावे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हा बहिष्काराची पहिली हाक उठली. नोव्हेंबर २०१७ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून निषेध करणाऱ्या अमेरिकी फुटबॉलपटूंचा वाद त्यांच्या लीगनं नीट हाताळला नाही आणि त्यामुळे आपला पिझ्झा कमी खपतोय, असं ते म्हणाले. मुख्याधिकारीपद गेलं. ११ जुलै २०१८ ला 'फोर्ब्स'नं बातमी दिली की एका दूरध्वनी बैठकीत त्यांनी कृष्णवर्णीयांसाठीचा अत्यंत अपमानकारक शब्द उच्चारला होता. ती बैठक कशासाठी होती? असले वाद ओढवू नयेत म्हणून त्यांना तयार करण्यासाठी! त्याच दिवशी त्यांनी अध्यक्षपद सोडलं. लुइव्हिल विद्यापीठानं स्टेडियमवरचं नाव काढलं, कंपनीनं जाहिरातींतून त्यांचा चेहरा हटवला. उत्तर अमेरिकेतल्या जुन्या दुकानांची त्या जुलैची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा १०.५ टक्क्यांनी घसरली. अख्ख्या २०१८ चा आकडा उणे ७.३ टक्के. या घसरणीतला किती भाग बहिष्काराचा आणि किती डॉमिनोजच्या चढाओढीचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. उतरण आधीच सुरू झाली होती, जुलैत ती तीव्र झाली.

श्नॅटर यांचं काय झालं, तेही पाहा. मालक बाजूला झाला म्हटल्यावर गुंतवणूकदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला, शेअर वधारला आणि कंपनीत तीस टक्क्यांच्या आसपास वाटा असलेल्या श्नॅटर यांची संपत्ती एका दिवसात सुमारे ५ कोटी डॉलरनी वाढली. ज्याला अद्दल घडवायची होती तो घरबसल्या श्रीमंत झाला.

मग भुर्दंड कोणी भरला? जगभरातल्या पाच हजारांहून जास्त पापा जॉन्स दुकानांपैकी बहुतेक दुकानं फ्रँचायझीवर चालतात. म्हणजे पाटी कंपनीची. बाकी जागेचं भाडं, भट्टीचं कर्ज, पोरांचे पगार आणि बँकेचा हप्ता स्थानिक दुकानदाराचा. कंपनी नाव, पाककृती आणि कच्चा माल पुरवते आणि त्याबद्दल विक्रीवर टक्केवारी घेते. ही टक्केवारी नफ्यावर नसते, विक्रीवर असते. या प्रकरणाचा सगळा कणा या एका गोष्टीत आहे.

कागदावर हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण धंद्याच्या चालीला धरून. दुकानाची विक्री १०० रुपये. त्यातले ३० पीठ-चीज-खोक्यांना. १० कंपनीला, रॉयल्टी आणि जाहिरातनिधी मिळून. २८ पगार. २२ भाडं, वीज, विमा, दुरुस्ती. उरले १०, आणि बँकेचा हप्ता व घरखर्च यातूनच भागवायचा. आता बहिष्काराची हाक आली आणि विक्री ९० वर उतरली. माल कमी लागला, २७. कंपनीचा वाटा झाला ९. पण भट्टी तेवढीच तापवावी लागते, काउंटरवर माणूस उभा लागतोच आणि जागामालकाला तुमच्या पापांशी देणंघेणं नसतं. म्हणून २८ आणि २२ जिथल्या तिथे. खर्चाची बेरीज ८६, हातात ४. विक्री दहा टक्क्यांनी घटली, कंपनीचं उत्पन्न दहा टक्क्यांनी घटलं, दुकानदाराची मिळकत मात्र साठ टक्क्यांनी. विक्री ८० वर आली तर त्याला पदरचे २ रुपये घालावे लागतात, कंपनीला तरीही ८ मिळतातच.

पुढचं अर्थातच सरळ आहे. दुकानदाराच्या हातात एकच कात्री असते आणि ती पगारावर चालते. मंगळवार-बुधवारची दुपारची पाळी बंद होते, घरपोच देणाऱ्या दोन पोरांचा एक पोरगा होतो. त्या पोराला श्नॅटर यांची मतं ठाऊकही नसतील.

इथवर आलं की 'चोर सोडून संन्याशाला फाशी' असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण हिशेब इथे थांबत नाही. दुकानदार बुडायला लागले की साखळी बुडते, आणि ते कंपनीला परवडत नाही. पापा जॉन्सनं २०१८ च्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेतल्या फ्रँचायझीधारकांना रॉयल्टीत सूट दिली. पुढच्या वर्षी रॉयल्टीतली सवलत आणि जाहिरातखर्च मिळून सुमारे ८ कोटी डॉलरची मदत जाहीर केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्टारबोर्ड या गुंतवणूक कंपनीकडून २० कोटी डॉलर घ्यावे लागले. बास्केटबॉलपटू शकील ओ'नील यांना संचालक मंडळावर बसवलं, अटलांटातल्या नऊ दुकानांत त्यांना भागीदारी दिली आणि त्यांचा चेहरा जाहिरातींत झळकवला. बहिष्काराचा दाब मालकापर्यंत पोचला, पण दुकानदाराच्या खिशातून वाट काढत. त्याला आधी रक्तबंबाळ केल्याशिवाय मूळ कंपनीला कळ पोचत नाही. हे अवघड सत्य 'फ्रँचायझीवाल्याचा काय दोष?' म्हणणारेही सांगत नाहीत आणि 'एक घासही घेऊ नका' म्हणणारेही.

करारांतही हा तोल ढळलेला आहे. फ्रँचायझीधारकानं ब्रँडला बट्टा लागेल असं वागू नये, वागल्यास करार रद्द, हे कलम बहुतेक छापील करारांत सापडतं. मालकानंच बट्टा लावला तर दुकानदाराला भरपाई कोण देणार, याचं कलम शोधूनही मिळत नाही. असं उलट कलम मागून घ्या, असा सल्ला अमेरिकेतले वकील देतात खरा. पण एका दुकानाची फ्रँचायझी मागायला गेलेल्या माणसासाठी कोणती मोठी साखळी आपला करार बदलेल?

करार वेगळा असला की परिणामही वेगळा होतो. त्यासाठी चिक-फिल-ए या कोंबडीच्या सँडविचवाल्यांकडे जायला हवं. या जॉर्जियातल्या कंपनीची दुकानं रविवारी बंद असतात. संस्थापक ट्रुएट कॅथी यांनी १९४६ मध्ये पहिलं उपाहारगृह काढलं तेव्हापासून हा धार्मिक नेम आहे. दुकान चालवायला घेणाऱ्याला फक्त १० हजार डॉलर भरावे लागतात. जमीन, इमारत, यंत्रसामग्री सगळं कंपनीचं. बदल्यात कंपनी विक्रीचे १५ टक्के आणि वर उरलेल्या नफ्यातला निम्मा हिस्सा घेते. दुकान विकता येत नाही, मुलाच्या नावावर करता येत नाही. अशी सुधारित मुनीमगिरी मिळवायलाही दरवर्षी हजारोंच्या संख्येनं अर्ज येतात आणि निवड मोजक्याच जणांची होते. आपल्या मुद्द्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की इथे नफा घटला तर त्यातली निम्मी घट थेट कंपनीच्या अंगावर येते. बहिष्कारवाल्यांना याहून नेमकं लक्ष्य मिळालं नसतं.

आणि इथेच बहिष्कार पार आपटला. जुलै २०१२ मध्ये ट्रुएट यांचे पुत्र आणि कंपनीचे प्रमुख डॅन कॅथी यांनी आपण कुटुंबाच्या बायबलप्रणीत व्याख्येचे पाठीराखे आहोत, असं उघडपणे सांगितलं. कंपनीच्या प्रतिष्ठानाच्या देणग्या समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या संस्थांना जातात, हेही चर्चेत आलं. बॉस्टनचे महापौर थॉमस मेनिनो यांनी आपल्या शहरात तुम्हाला जागा नाही असं पत्र धाडलं, शिकागोच्या एका नगरसेवकानं आपल्या प्रभागात परवानगी अडवण्याची भाषा केली, जिम हेन्सन कंपनीनं खेळण्यांचा करार मोडला. उत्तरादाखल अर्कान्सासचे माजी गव्हर्नर माइक हकबी यांनी १ ऑगस्टला 'चिक-फिल-ए कौतुक दिन' पाळायचं आवाहन केलं. त्या दिवशी गाड्यांच्या रांगा रस्त्यावर लांबच लांब गेल्या आणि कंपनीनं विक्रमी विक्रीचा दिवस म्हणून त्याची नोंद केली. मालकाच्या मताला विरोध करणारे होते, तसे त्याच मतासाठी दुप्पट खाणारेही निघाले. पुढच्या सहा-सात वर्षांत विक्रीच्या हिशेबात ही साखळी अमेरिकेत मॅकडोनल्ड्स आणि स्टारबक्सच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली.

या गदारोळात दुकान चालवणाऱ्यांची मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी गत झाली. प्रमुखाच्या विरोधात बोलावं तर करार जाण्याची भीती, गप्प बसावं तर गिऱ्हाईक त्यांना कॅथींचा माणूस समजणार. न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ गावच्या दुकानचालकानं मधली वाट काढली. त्यानं त्याच ऑगस्टमध्ये राज्यातल्या समलिंगी समुदायाच्या उत्सवाला प्रायोजक म्हणून हातभार लावला. १२ जून २०१६ ला ऑर्लँडोतल्या पल्स नाइटक्लबात गोळीबार झाला, तो रविवार होता. तिथल्या काही दुकानांतल्या कर्मचाऱ्यांनी नेम मोडून रक्तदात्यांसाठी खाणं आणि थंड चहा नेऊन वाटला. हेच नाव, हाच लाल लोगो. ज्या पाटीकडे पाहून लोक मालकाचं मत वाचत होते, तिच्याखालची माणसं आपापल्या मतानं वागत होती.

कॅथींना अखेर थोडं तरी वळवलं ते जागामालकांनी आणि नगरपालिकांनी. मार्च २०१९ मध्ये सॅन अँटोनिओच्या नगर परिषदेनं विमानतळावरच्या गाळ्यांतून चिक-फिल-एला वगळलं. (टेक्सासच्या विधिमंडळानं त्यावर लगेच कंपनीच्या बाजूनं कायदा केला, हा भाग वेगळा.) ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग शहरातल्या मॉलनं दुकान उघडल्यापासून आठवडाभरातच सांगून टाकलं की सहा महिन्यांपुढे भाडेकरार वाढणार नाही. नोव्हेंबरमध्ये कंपनीनं जाहीर केलं की यापुढे देणग्या शिक्षण, बेघर आणि भूक या तीनच कामांना जातील. वादात असलेल्या दोन मोठ्या संस्था त्या यादीत नव्हत्या. गिऱ्हाइकांनी सँडविच सोडून जे साधलं नाही, ते जागा न मिळण्यानं साधलं. मला हा मार्ग जास्त सरळ वाटतो. इथे घाव कंपनीच्या वाढीवर बसतो, कोणाच्या चालू गल्ल्यावर नाही.

याचा अर्थ फ्रँचायझीधारक म्हणजे नेहमीच बिचारा कोणीतरी, असं समजू नये. मालकाच्या चेहऱ्यावर पिझ्झा खपत होता तेव्हा या धारकांनी त्या चेहऱ्याचा नफा घेतलाच की. शिवाय 'फ्रँचायझीधारक' म्हटल्यावर नवरा-बायकोनं चालवलेलं दुकान डोळ्यांपुढे आणणं ही कंपन्यांच्याच सोयीची कल्पना आहे. आखातात स्टारबक्स चालवणारा कुवेतचा अलशाया समूह डझनावारी परदेशी ब्रँड सांभाळतो आणि त्याची कर्मचारीसंख्याच पन्नास हजारांच्या घरात होती. अशा समूहाला गाझातल्या युद्धावरून उठलेल्या बहिष्काराची झळ लागली म्हणून डोळ्यांतून पाणी काढायचं कारण नाही. पण मार्च २०२४ मध्ये या समूहानं दोन हजारांहून जास्त लोकांना कामावरून कमी केलं, त्यांतले बहुतेक स्टारबक्सच्या दुकानांतले. आखातात अशा काउंटरमागे उभी असणारी माणसं भारत, नेपाळ, फिलिपिन्समधून गेलेली असतात आणि त्यांचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विमान पकडायचं.

कर्जाऊ पाटीखाली बसलेल्या माणसावरच पहिला घाव पडण्याची गोष्ट जुनीच आहे. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात ज्या कॅप्टन बॉयकॉट यांना गावानं वाळीत टाकलं, ते जमिनीचे मालक नव्हतेच. मालक लॉर्ड अर्न. बॉयकॉट त्यांच्या वतीनं खंड वसूल करणारे कारभारी. मुंबईत १९३० साली विदेशी कापडाच्या दुकानांपुढे धरणी धरली गेली तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीमालकाचा माल कधीच विकला गेलेला होता. मोहोरबंद होऊन पडली ती मुळजी जेठा मार्केटमधल्या व्यापाऱ्यांनी स्वतःचे पैसे घालून आणलेली गाठोडी. तरी मँचेस्टरकडे जाणारी नवी मागणी आटली, हेही तितकंच खरं. आणि त्याच डिसेंबरात बाबू गेनू काळबादेवीला ज्या लॉरीपुढे उभा राहिला, तिच्यातही एका व्यापाऱ्याचंच कापड होतं.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण मालकाच्या राजकारणाचंही नाही, शेजारच्या देशातल्या भाडेकरूच्या राजकारणाचं आहे. ५ फेब्रुवारी २०२२ ला, पाकिस्तानात 'काश्मीर एकता दिन' पाळतात त्या दिवशी, ह्युंदाईच्या तिथल्या भागीदाराच्या नावानं काश्मिरींच्या 'लढ्या'ला पाठिंबा देणारा मजकूर समाजमाध्यमांवर झळकला. केएफसी, पिझ्झा हट, डॉमिनोज यांच्या पाकिस्तानी खात्यांवरही तसलंच काही निघालं. भारतात संतापाची लाट उसळली. दक्षिण कोरियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना एस. जयशंकर यांना दूरध्वनी करून खेद व्यक्त करावा लागला. एकामागून एक कंपन्यांनी माफीनामे काढले. सुरतेत निदर्शकांनी ह्युंदाईची शोरूम आणि केएफसी, पिझ्झा हटची दुकानं बंद करायला लावली. त्या वेळी भारतात केएफसी मुख्यतः दोन कंपन्या चालवत होत्या, देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्स. दोन्ही भारतीय, दोन्ही आपल्या शेअर बाजारात नोंदलेल्या, त्यांतल्या दुसरीचं मुख्य कार्यालय मुंबईत. लाहोर-कराचीच्या दुकानदाराशी त्यांचा संबंध एवढाच की दोघांच्याही पाटीवर तोच दाढीवाला म्हातारा. शटर खाली ओढलं गेलं ते सुरतेच्या पोरांच्या नोकरीवर. त्या पाकिस्तानी ट्वीटमागच्या माणसाची त्या दिवशीची विक्री कदाचित वाढलीही असेल.

हाच प्रकार पुढच्या वर्षी जगभर घडला. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमास हल्ल्यानंतर मॅकडोनल्ड्सच्या इस्रायली फ्रँचायझीनं, अलोन्याल कंपनीनं, सैनिकांना हजारो फुकट जेवणं वाटल्याचं जाहीर केलं. कंपनीचे मालक ओमरी पदान. हे गृहस्थ इस्रायलमधल्या 'पीस नाऊ' या शांतताचळवळीच्या संस्थापकांपैकी एक. २०१३ मध्ये वेस्ट बँकमधल्या एरियल वसाहतीतल्या मॉलमध्ये दुकान उघडायला त्यांनी नकार दिला होता आणि म्हणून वसाहतवाद्यांनीच त्यांच्या बर्गरवर बहिष्कार घालायची हाक दिली होती. दहा वर्षांनी त्यांच्याच नावानं क्वालालंपूरपासून कैरोपर्यंत मॅकडोनल्ड्सवर बहिष्कार पडला.

तो पडला दुसऱ्याच माणसांवर. सौदी अरेबिया, कुवेत, ओमान, जॉर्डन, तुर्कस्तान इथल्या धारकांनी घाईघाईनं पत्रकं काढली की इस्रायलमधल्या कंपनीशी आमचा काडीचाही संबंध नाही. सौदीच्या धारकानं गाझाच्या मदतीसाठी २० लाख रियाल, ओमानच्यानं १ लाख डॉलर देऊ केले. मलेशियातली मॅकडोनल्ड्सची मालकी तर एका सौदी समूहाकडेच होती. मुसलमान मालक, मुसलमान कर्मचारी, आणि बहिष्कार पॅलेस्टाइनच्या नावानं. तिथल्या कंपनीनं वैतागून बहिष्काराची हाक देणाऱ्या स्थानिक संघटनेवर ६० लाख रिंगिटचा दावा ठोकला आणि काही महिन्यांत मागे घेतला. गिऱ्हाइकाला कोर्टात खेचून बर्गर खपत नाही, हे बहुधा वकिलांआधी दुकानांच्या व्यवस्थापकांना कळलं असावं.

शिकागोच्या मुख्यालयात आकडे पोचले तेव्हा ते झोंबले. ज्या देशांत मॅकडोनल्ड्स बहुतेक ठिकाणी स्वतःचं भांडवल न घालता फक्त परवाना देतं आणि विक्रीवर टक्केवारी घेतं, त्या गटातली वाढ जुलै-सप्टेंबर २०२३ मध्ये १०.५ टक्के होती. पुढच्याच तिमाहीत ती ०.७ टक्के उरली. जानेवारीत मुख्याधिकारी ख्रिस केम्पझिन्स्की यांनी धंद्याला दखलपात्र फटका बसल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि त्याचं खापर युद्धावर आणि चुकीच्या माहितीवर फोडलं. तिमाहीच्या त्या आकड्यात फक्त कंपनीकडे येणाऱ्या टक्केवारीचं आकुंचन दिसतं. ओमानच्या दुकानात दर १०० रुपयांमागचे १० खाली येऊन किती झाले, हे त्यात छापलं जात नाही.

एप्रिल २०२४ मध्ये मॅकडोनल्ड्सनं पदान यांची सगळी २२५ दुकानं विकत घ्यायचा करार केला. तीस वर्षांचा धंदा, पाच हजारांहून जास्त कर्मचारी, सगळ्यांच्या नोकऱ्या त्याच अटींवर कायम. किंमत जाहीर केली नाही. ज्या दुकानांतून वादाला तोंड फुटलं, ती दुकानं विकून बाहेर पडण्याची वाट पदान यांना मिळाली. मस्कत, अम्मान आणि क्वालालंपूरचे धारक त्याच पिवळ्या कमानीखाली, विक्रीवरच्या टक्केवारीचा तोच करार हातात घेऊन, गिऱ्हाइकांची वाट पाहत राहिले.